ठाण्याच्या उन्हाळ्यातले सॅलड: समुद्रमेथी, कलिंगड आणि घरचे पनीर

गेल्या शनिवारी घोडबंदर रोडवरील एका कॅफेत आम्ही उन्हाळी सॅलड मागवले. बशीत आइसबर्ग लेट्युसची मोठाली पाने, त्यांवर फेटा चीजचे तुकडे, मूठभर ब्लूबेरी आणि तळाशी चांगले पेरभर पाणी होते. पाने ओलीच वापरल्यामुळे तेल आणि लिंबू त्यांना धरलेच नव्हते; ते सगळे खाली उतरून पाण्यात मिसळले होते आणि वरची पाने अळणी लागत होती. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत मे महिन्यातही सकाळी सातला कोवळी पाने आणि पाणीदार फळे मिळतात, तिथे उन्हाळ्याचे ताजे खाणे म्हणून आपण असे काही मुकाट्याने का खातो, हे मला समजत नाही.

पालेभाजी, फळ आणि चीज यांचे सॅलड करायचे असेल, तर माझ्या मते समुद्रमेथी, कलिंगड आणि घरचे पनीर यांच्यासारखी जोडी दुसरी नाही. मात्र त्यातली निम्मी मेहनत पाने धुऊन कोरडी करण्यात जायला हवी.

समुद्रमेथी म्हणजे किनाऱ्याकडच्या रेताड जमिनीत दाट पेरलेली आणि बोटाएवढी होताच मुळांसकट उपटलेली मेथी. मोठ्या मेथीपेक्षा तिचा कडूपणा सौम्य असतो, देठ पांढरा आणि लुसलुशीत असतो, त्यामुळे ती कच्ची खाता येते. लोक तिला टाळतात ते वाळूच्या भीतीने. ती वाळू काढायची रीत मला भाजीवाल्या मावशींनीच शिकवली: "ताई, पाणी ओतू नका, पाला उचला." मुळे कापून टाकावीत, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने त्यात सोडावीत, हाताने हलवून दोन मिनिटे थांबावे आणि मग पाने वरच्यावर उचलून घ्यावीत. पातेले चाळणीत उपडे केले, तर तळाशी बसलेली वाळू पुन्हा पानांवरच येते. रिकाम्या पातेल्याच्या तळाला बोट लावून पाहावे. खरखर लागली, तर पुन्हा धुवावे. मला साधारण पाच पाणी लागतात. शेवटचे पाणी बर्फाचे घ्यावे, म्हणजे उन्हाने मान टाकलेली पाने पाणी ओढून पुन्हा ताठ होतात. नंतर ती पंचावर पसरून, सैल गुंडाळी करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीत. गुंडाळी उघडल्यावर पंचा ओला आणि पाने कोरडी असतात, आणि मेथीचा वास स्वयंपाकघरभर पसरतो.

येथे एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. रेल्वे रुळांच्या कडेला सांडपाण्यावर वाढवलेल्या पालेभाज्यांबद्दल आपल्याकडे जी काळजी व्यक्त होते, ती रास्त आहे. धुण्याने माती जाते, जंतूही बरेचसे कमी होतात, पण पानात शोषले गेलेले जड धातू जात नाहीत. म्हणून कच्च्या खायच्या पाल्यासाठी ओळखीच्या भाजीवाल्या मावशींकडे जावे आणि भाजी कुठून आली हे संकोच न करता विचारावे.

आता चीजकडे वळू. फेटा हे ग्रीसचे चीज आहे. किमान 70 टक्के मेंढीचे आणि उरलेले शेळीचे दूध वापरून ते करतात आणि मिठाच्या पाण्यात मुरवतात. कलिंगडाशी त्याची जोडी जमते ती या खारटपणामुळेच. आपले पनीर अळणी असते, म्हणून तसेच टाकले तर सॅलड पचपचीत लागते. त्यावर उपाय सोपा आहे. एक लिटर म्हशीच्या दुधाचे साधारण 200 ग्रॅम पनीर निघते. ते दाबून घट्ट झाले की त्याचे बोराएवढे तुकडे करावेत. पनीर गाळून उरलेल्या पाण्यापैकी अर्धा लिटर घेऊन त्यात तीन लहान चमचे मीठ विरघळवावे आणि पाणी गार झाल्यावर हे तुकडे त्यात दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवावेत. उरलेल्या पाण्यात पोळ्यांची कणीक मऊ भिजते.

कलिंगडात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि मीठ लागताच ते सुटू लागते. त्यामुळे फोडी मोठ्या कराव्यात, बिया काढून त्या चाळणीत निथळत ठेवाव्यात आणि मीठ त्यांना स्वतंत्रपणे अजिबात लावू नये. पालघर-वसईकडचे ताडगोळे मिळाले, तर सोलून त्याचे चार तुकडे घालावेत. हापूस मात्र यात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याचा वास मेथीला दाबून टाकतो आणि मिठाने त्याचीही चव जाते. आंबटपणासाठी लिंबाऐवजी कैरीचा कीस घ्यावा.

वाढण्याच्या पाच मिनिटे आधी सगळे एकत्र करावे, त्याआधी नाही, कारण तेल लागले की कोवळी पाने लगेच मलूल होतात. दोन चमचे घाण्याचे शेंगदाणा तेल, कैरी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक हिरवी मिरची आणि थोडा पुदिना एवढे चौघांना पुरते. मीठ पनीरमध्ये आहेच.

माझ्या सासूबाई सोलापूरच्या. पहिल्यांदा हे ताटात वाढले तेव्हा त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर घोळाणाच की, फळ घातलेला!" कच्ची मेथी, कांदा, दाण्याचा कूट आणि तेल यांचा घोळाणा त्या लहानपणापासून भाकरीबरोबर खात आल्या आहेत. कच्चा पाला हे परक्यांचे खाणे, असे मानणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी आता हेच सांगते. त्या दिवसापासून सासूबाईंच्या सांगण्यावरून मी वरून भरड दाण्याचा कूटही घालते आणि पनीरच्या मऊपणाशी तो फार छान जातो.

पाऊस सुरू झाला की पाल्यावर चिखल आणि किडे वाढतात, तेव्हा मी हे सॅलड बंद करते. तोपर्यंत आमच्याकडे आठवड्यातून दोनदा पंचा फ्रीजमध्ये असतो.