उपक्रम स्तुत्य आहे म्हणे

आज एका सरकारी कार्यालयात ‘उपक्रम स्तुत्य आहे’ हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. रागात लिहितेय, सांभाळून घ्या.

आमच्या टीवायच्या पोरांनी पाहणी केली. विषय एकच, सरकारी इमारतीत अपंग माणसाला कुणाच्या मदतीशिवाय आत जाता येतं का? मी सुचवला नव्हता. त्यांच्या वर्गातली एक मुलगी व्हीलचेअरवर असते. उत्पन्नाचा दाखला काढायला गेली तेव्हा दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. ‘मॅडम, सामानासारखं चढवलं मला,’ म्हणाली. हसत म्हणाली, तेच जास्त लागलं.

मग ही पोरं टेप घेऊन फिरली. या कार्यालयाचं जोतं दोन फूट उंच. रॅम्पचा चढ १:१२ हवा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे इथे २४ फूट. होता ९ फूट! त्या चढावरून खुर्ची मागे कलंडते. दिव्यांगांसाठी अशी पाटी लावलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप. शिपायाने किल्ली शोधून उघडलं तर आत झाडू, फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या. पोरांनी नुसती तक्रार नाही केली, रॅम्प कुठून वळवला तर आहे त्या जागेत बसेल याचा नकाशाही काढून दिला.

आणि साहेबांनी काय केलं? अहवालाचं मुखपृष्ठ पाहिलं. ‘बाळांनो, उपक्रम स्तुत्य आहे.’ गुलाबाचं फूल, फोटो, ‘मार्गदर्शक कोण?’ माझं नाव कळल्यावर पुढचं सगळं माझ्याशीच बोलले. मापं घेणारी पोरं समोर उभी, त्यांना एक प्रश्न नाही. ती मुलगी तर त्या फोटोतही नाही. पुन्हा उचलून घ्यायला तिने साफ नकार दिला आणि खाली फाटकाशी थांबली. साहेब, दोन फूट खाली उतरून या की!

तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम २०१७ मध्ये आले, मुदत २०२२ ला संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष सल्ल्यापुरते ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. त्या खटल्यात न्यायालयाने अहवाल मागवला होता तो एका विधी विद्यापीठाच्या केंद्राकडून. तिथे कुणी गुलाबाचं फूल देऊन बोळवण केली नाही.

मान्य, सगळेच विद्यार्थी असे नसतात. फील्ड प्रोजेक्टच्या क्रेडिटसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म फिरवून ‘सर्वेक्षण’ उरकणारे ढीगभर आहेत, दरवर्षी मीच तपासते. पण मग अशा अहवालातल्या चुका काढा ना! ‘तुमचं माप चुकलंय’ म्हणा, ‘निधी नाही’ म्हणा, वाद घाला. कौतुक करून मोकळं होणं म्हणजे वाचायचं टाळणं.

साहेब वाईट माणूस नाहीत, हेही लिहायला हवं. चहा पाजला, आवाज चढवला नाही. बांधकाम त्यांच्या हातात नसेलही. पण त्यांच्या खुर्चीमागे बाबासाहेबांचा फोटो होता हो. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठाच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला तेव्हा बाबासाहेब पंचविशीतले विद्यार्थीच होते ना? आणि अगदी आत्ताचं सांगायचं तर पॅसिफिक बेटांवरच्या २७ विधी विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली हवामान न्यायाची मोहीम थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने मतही दिलं. आमच्या पोरांना हेग नको आहे, पंधरा फूट जास्तीचा रॅम्प हवाय.

मी बाहेर आले ती चिडूनच. पोरं मात्र चिडली नव्हती. फाटकाशी त्या मुलीभोवती जमून माहिती अधिकाराचा अर्ज लिहीत होती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आधीच आणून ठेवलेला. मागितलंय काय, तर त्या नऊ फुटी रॅम्पचं अंदाजपत्रक, अंतिम बिल आणि मोजमाप पुस्तकाची प्रत. म्हणजे कागदावर किती फूट झालाय ते कळेल. मोजमाप पुस्तक मला सुचलं नसतं.

तीस दिवस वाट पाहू. पहिलं अपील लिहायचा अनुभव कुणाला असेल तर इनबॉक्समध्ये या, लागणारच आहे.