'इन्सेस्टिसाइड'बद्दल फिरणारा मेसेज आणि त्यातली गफलत

सांगली-मिरजेच्या गिटारवाल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा 'इन्सेस्टिसाइड' हा अल्बम म्हणजे गायक-गिटारवादक कर्ट कोबेन गेल्यावर कंपनीनं खपवलेला 'नेव्हरमाइंड' या अल्बमचा उरलेला माल, सगळीकडे ड्रम्स डेव्ह ग्रोहलचे, आणि बँडच्या सगळ्या बी-साइड (सिंगलच्या मागच्या बाजूची गाणी) यात आल्या, बाकी काही शोधू नका.

कर्ट गेला एप्रिल 1994 मध्ये. अल्बम आला डिसेंबर 1992 मध्ये. मुखपृष्ठावरचं चित्र त्यानं स्वतः काढलं, आतला मजकूरही त्याचाच. वर्णद्वेष्ट्यांनी, बायकांना आणि समलिंगींना तुच्छ लेखणाऱ्यांनी आमच्या कार्यक्रमाला येऊ नये, असं त्यात रोखठोक लिहिलंय. मुद्दा संपला.

'नेव्हरमाइंड'चा उरलेला माल? तो अल्बम जवळपास सगळा मे-जून 1991 मध्ये साउंड सिटी स्टुडिओत झाला. त्या सेशनचं एकही गाणं इथं नाही. 'डाइव्ह' थोडं जवळचं, कारण ते एप्रिल 1990 मध्ये 'नेव्हरमाइंड'चा निर्माता बुच व्हिग याच्याकडेच रेकॉर्ड झालं. पण तेही त्याच वर्षी 'स्लिव्हर' या सिंगलच्या मागच्या बाजूला येऊन गेलं होतं.

खरी गंमत ड्रम्सची. तंबोऱ्याची जवारी (तारांचा गुंजणारा नाद) कुणी काढली हे मिरजेत आवर्जून विचारतात, मग इथं ड्रमर कोण हे का नको विचारायला? पंधरा गाण्यांत चार जण आहेत. अल्बममधल्या 9 ते 13 क्रमांकाच्या गाण्यांवर डेल क्रोव्हर: जानेवारी 1988, सिअ‍ॅटलमधला रेसिप्रोकल स्टुडिओ, रेकॉर्डिंग करणारा जॅक एन्डिनो, आठ ट्रॅकची टेप, एका दुपारचं काम. 1, 3 आणि 14 चॅड चॅनिंग. 'स्लिव्हर'वर (क्रमांक 2) मडहनी या बँडचा डॅन पीटर्स. ग्रोहल फक्त सहा गाण्यांत, आणि ती सहाही बीबीसी रेडिओची सेशन्स: 5 ते 7 ऑक्टोबर 1990 ची, 4, 8 आणि 15 नोव्हेंबर 1991 ची.

म्हणून अल्बम ओळीनं लावून आवाज जुळवायला बसलात की फसगत होते. काही ठिकाणी दोन गाण्यांमध्ये स्टुडिओ, ड्रमर आणि वर्ष तिन्ही बदलतं, आणि पोरं अ‍ॅम्पचे नॉब पिळत बसतात. प्लेलिस्ट अशी लावा: 9 ते 13, मग 14, 3, 1, 2, 5 ते 7, शेवटी 4, 8, 15. एका सेशनला एक सेटिंग ठरवा. 'मॉलीज लिप्स'मध्ये दोनच कॉर्ड असल्यानं लय हमखास पळते; तिथं मेट्रोनोम लावाच.

'सगळ्या बी-साइड' हे तर धादांत खोटं. 'ईव्हन इन हिज यूथ' आणि 'कर्मजन' यात नाहीत. 'अ‍ॅन्युरिझम' आहे, पण बीबीसीचं. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'च्या सिंगलवरचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग वेगळं. 'बीन अ सन'चंही तेच: 'ब्ल्यू' ईपीवरचं (ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) 1989 चं, निर्माता स्टीव्ह फिस्ककडचं, इथलं रेडिओचं. 'पॉली' इथं वेगात आणि इलेक्ट्रिक गिटारवर आहे, 'नेव्हरमाइंड'वर अकूस्टिक. तेव्हा गाणं बसवताना टॅब (गिटारचं लिखित नोटेशन) कुठल्या रेकॉर्डिंगवरून उतरवलाय ते आधी बघा. एकानं ईपीवरचं ऐकून यायचं, दुसऱ्यानं अल्बममधलं, आणि मग तालमीत भांडायचं, यात तासभर फुकट जातो.