'इंटर्नला पगार कशाला?' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या मंडळाच्या ग्रुपवर आठवड्याभरात एकच मेसेज तीन वेगवेगळ्या काकांनी टाकला. थोडक्यात असा: "तरुणांनो, पहिली दोन वर्षं पैसे मागू नका, शिका. इंटर्न आणि फ्रेशर म्हणजे कंपनीला नुसता खर्च, त्यांना पगार देणं म्हणजे विद्यार्थ्यालाच फी देणं. छोट्या धंद्याला हे परवडत नाही, शिकून झालं की पळतात, आणि साडेतीन लाखांचं पॅकेज मिळालं तरी रडतात. सयाजीरावांच्या नगरीत ज्ञानाची किंमत पैशात करत नाहीत." खाली हात जोडलेले आणि गुलाबाचं फूल. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका चाळीसेक माणसांच्या युनिटचं पेरोल नऊ वर्षं बघतेय, त्यामुळे गप्प बसवेना.

शिकतो म्हणून पैसे नाहीत, हे आधी घेऊ. पहिले पंधरा दिवस पोरगं खरंच शिकत असतं, मान्य. पण दुसऱ्या महिन्यात तोच पोरगा पार्टीला पाठवायची ड्रॉइंग काढतो, एक्सेल भरतो, डिस्पॅचचे फोन घेतो, आणि त्या कामाचं बिल आपण पार्टीकडून पूर्ण वसूल करतो ना, की बिलावर "इंटर्नने केलंय, अर्धेच द्या" असं लिहितो? आणि कायद्याने ॲप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊच आहे, तरीही १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यात त्याला स्टायपेंड (विद्यावेतन) द्यावाच लागतो. म्हणजे "तो तर शिकतोय" हा युक्तिवाद सरकारने साठ वर्षांपूर्वीच ऐकून बाजूला ठेवलाय. त्याच कायद्यात ॲप्रेंटिसकडून परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, हे रात्री नऊपर्यंत इंटर्न बसवणाऱ्यांना सांगून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

छोट्या धंद्याला परवडत नाही म्हणे. इथे जरा थांबते, कारण हे आमचे शेठही म्हणायचे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ग्रॅज्युएट ॲप्रेंटिसला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमावाल्याला ८,०००, आणि केंद्राच्या नॅट्स या ॲप्रेंटिस योजनेत नाव घातलं तर त्या किमान रकमेतले अर्धे सरकार देतं. म्हणजे ग्रॅज्युएट मुलगा शेठला पडतो ४,५०० ला. तीस किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घेणं तर सक्तीचंच आहे, चारपासून एकोणतीसपर्यंत असतील तर ऐच्छिक. मग लोक का घेत नाहीत? कारण सरकारी पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट रजिस्टर करावं लागतं, बँकेतून पैसे द्यावे लागतात, सगळं कागदावर येतं. त्यापेक्षा "ट्रेनी" म्हणायचं आणि कागदच नाही. पैशाची अडचण कमी आणि कागदाची जास्त आहे, हे मी पेरोलवाली म्हणून सांगते.

आणि ९,००० म्हणजे काही मोठं दान नाही हं. दाहोदकडून आलेल्या एका मुलाने मला वहीच्या पानावर हिशोब काढून दिला होता: फतेहगंजला तिघांत खोली ३,२००, टिफिन २,८००, येणंजाणं हजारेक, मोबाईल आणि किरकोळ पाचशे. झाले साडेसात हजार, आणि यात रविवारची एक सेव उसळसुद्धा नाही. फुकट काम करतो म्हणजे हे साडेसात हजार त्याचा बाप आपल्या कंपनीला देतो, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्या बापाकडे नाहीत तो येतच नाही आणि मग आपण म्हणतो चांगली मुलं मिळत नाहीत. केंद्राच्या ॲप्रेंटिसशिप कौन्सिलनेही मे २०२५ मध्ये स्टायपेंडच्या या रकमा ३६ टक्के वाढवायची शिफारस केली, ती उगाच नाही.

पळून जातात, हो जातात. मीही गेले होते. माझ्या पहिल्या नोकरीत तीन महिने "ट्रेनिंग" म्हणून एक पैसा दिला नाही आणि ओरिजिनल मार्कशीट कपाटात ठेवून घेतली, ती परत मिळवायला बाबांना दोनदा जावं लागलं. बाँड, म्हणजे अमुक वर्षं सोडणार नाही, सोडलं तर पैसे भरीन असा करार, घ्यायचा तर घ्या, मे २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टाने विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध धरला, पण तो माणूस पूर्ण पगारावरचा सीनियर मॅनेजर होता, फुकटचा ट्रेनी नव्हता.

आता सयाजीरावांचं नाव घेतलंच आहे तर ऐका. १९१३ ला त्यांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरीचा करार. ज्ञानाची किंमत पौंडात, कागदावर. (१९१७ ला ते नोकरीला आले तेव्हा याच शहराने त्यांना राहायला खोली दिली नाही, ते आपल्या मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही.)

पॅकेजवर रडतात हा मुद्दा तर सीटीसी (म्हणजे मुलावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) न वाचलेल्याचा आहे. वर्षाला ३.३६ लाख म्हणजे महिन्याला २८,०००. त्यात बेसिक १४,००० धरा, मग २८,००० मधून वजा करा: कंपनीचा पीएफ १,६८०, मुलाचा पीएफ १,६८०, ग्रॅच्युइटी साधारण ६७०, गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स २००. उरले पावणेचोवीस हजार, त्यात व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग) असेल तर तेही अजून अधांतरी. ग्रॅच्युइटी हातात पडायला सहसा पाच वर्षं टिकावं लागतं, पण आकड्यात ती पहिल्या दिवसापासून असते. शिवाय मोठ्या आयटी कंपन्यांचा फ्रेशरचा आकडा दहा-बारा वर्षं तीन-साडेतीनच्या आसपासच घुटमळतोय, तेवढ्या काळात टिफिन कितीचा होता आणि किती झाला ते काकूंना विचारा.

आमच्याकडे आता एवढंच करतो: ऑफरमध्ये हातात येणारी रक्कम आधी लिहायची, खाली सीटीसी, आणि तीन महिन्यांनी स्वतः काम काढायला लागला की रक्कम वाढवायची, ती तारीखही त्याच कागदावर. शेठ पहिल्यांदा कुरकुरले, मग त्यांच्याच भाच्याला बाहेर कुठेतरी सहा महिने फुकट राबवलं तेव्हा कुरकुर थांबली.

मंगळवारी दोन मुलं जॉइन होतायत, कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर चढवायचंय, ओटीपी शेठच्या मोबाईलवर येतो आणि शेठ लग्नाला भरूचला गेलेत, फोन लागत नाहीये.