दोन मार्कांचा प्रश्न आणि पोळ्यांचा तवा

रात्रीचे साडेनऊ, जेवणं झालेली, ओटा आवरलेला, मी मोबाईल घेऊन आडवा झालेलो आणि लेक येऊन म्हणते, बाबा, आयनिक आणि सहसंयुज बंधातला फरक सांग ना, उद्या युनिट टेस्ट आहे, दोन मार्कांना येतोच. आता बारावी सायन्स करून पुढे जन्मभर एक्सेल भरत बसलेल्या माणसाला एवढा मान कोण देतं? ताडकन उठलो.

म्हटलं, सोप्पंय गं. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन एक, क्लोरीनच्या सात. एकाला तो नकोसा, दुसऱ्याला आठ पुरे करायला हवासा. दिला, घेतला, झालं मीठ. सहसंयुजमध्ये कोणी कोणाला देत नाही, एका गोधडीत दोन भावंडं झोपतात तसं इलेक्ट्रॉनची जोडी दोघांत.

"म्हणजे आयनिकमध्ये एकाने अख्खी गोधडी ओढून घेतली?"

"करेक्ट!"

"मग दुसरा तिथे कशाला थांबेल? आईकडे जाऊन झोपेल ना."

आली का पंचाईत. मग सांगावं लागलं की इलेक्ट्रॉन गेला की सोडियम प्लस होतो, मिळाला की क्लोरीन मायनस, आणि त्या दोघांची ओढ म्हणजे खरा बंध, देवाणघेवाण ही नुसती आधीची भानगड. त्यावर तिचं पुढचं तयार, मग ज्याने इलेक्ट्रॉन घेतला त्यालाच तो सोडियम चिकटतो का? तर नाही! मिठाच्या खड्यात एकेका सोडियमभोवती सहा क्लोराइड (म्हणजे तोच मायनस झालेला क्लोरीन) आणि एकेका क्लोराइडभोवती सहा सोडियम, कोणी कोणाचं घेतलंय याचा हिशोबच नाही, अख्खी चाळ एकमेकांना धरून उभी. माझी गोधडी तिथेच फाटली.

तरी हट्ट सोडला नाही, म्हटलं करूनच दाखवतो. (बायको तेव्हा फोनवर होती, हे महत्त्वाचं.) पोळ्यांचा तवा ठेवला, एका बाजूला खडे मीठ, दुसऱ्या बाजूला साखर. साखर दोन मिनिटांत पाघळली, तपकिरी झाली, मग काळी, मग धूर. मीठ थोडं तडतडलं आणि ढिम्म बसून राहिलं. बघ, म्हटलं, मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात, पूर्ण चाळ मोडायची असते, आणि साखरेचे रेणू एकमेकांना जेमतेम धरून असतात म्हणून ती दोनशेच्या आतच ढेपाळते. यातलं "रेणूच्या आतले सहसंयुज बंध मात्र चांगले दणकट असतात" हे वाक्य धुरात गेलं, कारण तोपर्यंत फोन संपला होता.

बायको काही बोलली नाही. तवा बघितला, मला बघितलं, खिडकी उघडली.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी ड्रॉवरमधून नऊ व्होल्टची बॅटरी, वायरी आणि मोडक्या खेळण्यातला लाल एलईडी काढला. मिठाच्या पाण्यात वायरी बुडवल्या, दिवा लागला, बुडबुडेसुद्धा आले, लेक खूश. आता साखरेचं पाणी, हे लागणार नाही बघ, कारण वीज वाहून न्यायला लागणारे आयन, म्हणजे ते प्लस-मायनस झालेले कण, यात नाहीतच. आणि मेला मिणमिणला! अगदी थोडा, पण लागला.

"बाबा, साखर पण आयनिक आहे."

पाच मिनिटं घाम फुटला. मग डोक्यात आलं, अरे, नळाचं पाणी! त्यात आधीच क्षार विरघळलेले असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड वॉटर काढलं, वायरी धुतल्या, नवा ग्लास, नवी साखर. एलईडी ठार अंधारात. इतका आनंद मला माझ्या निकालाला पण झाला नव्हता, पण वळून बघतो तर लेक झोपायला गेलेली.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आलाच होता. विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाली, "बाईंनी वहीत दिलेलं. एकात देवाणघेवाण, एकात भागीदारी." दोन पैकी दोन.

तवा अजून गरम पाण्यात भिजतोय आणि पोळ्या आज दुकानातून आणायच्यात, मीच.