'बेळगावात कुठं बर्फ पडतो?' : निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर (हे नाव तुम्हीच घेतलंय, मी दिलेलं नाही),

थंडीनं करपलेल्या पामवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "ताई, बेळगावात कुठं बर्फ पडतो? परदेशी व्हिडिओ बघून लेख पाडू नका. पिवळी पानं छाटा, युरिया टाका, महिन्यात झाड हिरवं. बोअरच्या खारट पाण्यानंही पानं करपतात, ते आधी तपासा." पुढं हसण्याची चिन्हं.

मत वेगळं असायला माझी कधीच ना नव्हती. पण ओळख ना पाळख, आणि थेट "लेख पाडू नका"? आमच्या बेळगावातल्या शहापुरात दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींशीसुद्धा कुणी असं बोलत नाही. हसायचं काय होतं, तेही मला अजून कळलेलं नाही.

एक मान्य करते. लेखातला फोटो लांबून काढलेला होता, त्यात झाडाचा कोंब नीट दिसत नाही. झालं. आता बर्फाकडं येऊ.

बर्फ पडावा लागतच नाही हो. आपण अंगणात हौसेनं लावतो ते पाम मुळात कुठले? बॉटल पाम मॉरिशसचा, अरेका मादागास्करची, रॉयल पाम क्युबाकडचा. सगळी उबदार हवेतली झाडं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. पौषातल्या एखाद्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि तेवढ्यानंही अशा झाडांच्या पेशींची आवरणं बिघडू शकतात, आतलं पाणी झिरपायला लागतं. गारठलेल्या मातीतून मुळं पाणी नीट ओढत नाहीत आणि दिवसाचा कोरडा वारा पानातलं शोषून घेतो. बरं, हे दुसऱ्या दिवशी दिसतही नाही. डाग कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा येतात, म्हणून लोक थंडी सोडून बाकी सगळ्यांना दोष देतात.

आणि व्हिडिओचं म्हणाल तर माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, परसात सुपारी आणि नारळ. मार्गशीर्ष लागला की बाबा लहान रोपांना वाऱ्याच्या बाजूनं वाळक्या झावळ्यांचा आडोसा करायचे. तेव्हा आमच्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता. बाबांनी कुणाचा व्हिडिओ बघितला असेल, सांगा की.

आता "छाटा". तुमच्या या एका शब्दापायी मी हे उत्तर लिहायला बसले. आंब्याची फांदी तोडली तर बाजूनं फुटते. बॉटल पाम, रॉयल पाम यांना तसं नाही. खोडाला एकच शेंडा आणि त्यातल्या कोंबाच्या बुडाशी, आत खोल, एकच वाढता डोळा. तो गेला की झाड गेलं. (अरेकाला बुडातून फुटवे येतात, ती त्यातल्या त्यात सुदैवी.) अर्धवट पिवळं पान तुम्हाला कचरा वाटतो, पण झाड त्याच पानातलं पोटॅश ओढून नव्या पानाला देत असतं. शिवाय जुन्या झावळ्या पुढच्या थंड रात्रीत कोंबाला पांघरूण होतात. म्हणून पूर्ण वाळून तपकिरी झालेलंच पान काढायचं, तेही थंडी सरल्यावर, शिमग्याच्या सुमाराला.

बघायचा असतो तो कोंब. शेजारच्या काकूंच्या बॉटल पामचा मधला कोंब मी दोन बोटांत धरून हलकेच ओढला, तर तो अलगद हातात आला. बूड लिबलिबीत, तपकिरी, आणि वास असा की काकू आत निघून गेल्या. कुजलेलं निघेल तेवढं काढलं, खळग्यात एक टक्का बोर्डो ओतलं, म्हणजे बुरशी मारणारं आपलं मोरचूद आणि चुना. ते सारखं ओतायचं नसतं, मोरचुदातलं तांबं साठलं तर तेच कोंबाला मारतं. पुढं बरेच दिवस काही नाही. पण आतला डोळा शाबूत होता, म्हणून उन्हाळा सरता सरता मधून एक पान निघालं, आखूड, टोक जळल्यासारखं. काकू घाबरल्या. पण थंडी पडली तेव्हा ते पान शेंड्याच्या आत घडत होतं, मार तिथंच लागलेला. त्यामागचं पान सरळ आलं. भरगच्च शेंडा व्हायला वर्ष सहज जातं. तुमचा "महिन्यात हिरवं" कुठल्या झाडाचा अनुभव आहे, ते तुम्हालाच ठाऊक.

युरियाबद्दल एवढंच की गारठलेल्या मुळांना तो नको. खारट पाण्याचं म्हणाल तर माझ्या फाटकाजवळच्या अरेकाची वाऱ्याकडची पानं डागाळली आहेत आणि भिंतीकडची हिरवीगार आहेत. बोअर एकच, कुंडी एकच. पाणी बाजू बघून करपवतं का? त्यावर अधिक लिहायला आत्ता मला वेळ नाही.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, हसण्याची चिन्हं वगळून. सोबत फोटो पाठवणार असाल तर कोंबाचा पाठवा, छाटलेल्या झावळ्यांच्या ढिगाचा नको.