टीव्हीतला चेहरा ‘उजळ’ करायला मागचं झाकण उघडू नका

जुन्या रंगीत टीव्हीवर चेहऱ्यांचा रंग घरच्या घरी कसा सुधारायचा, हे सांगणारा एक मेसेज सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांमधून फिरतोय. त्याचं म्हणणं असं : रंगीत टीव्हीचं गणितच गोऱ्या कातडीवर बसवलेलं, म्हणून आपले चेहरे त्यात चुकीचेच दिसणार, भारतातल्या सेटमधून कंपन्यांनी टिंटचं, म्हणजे रंगाची छटा बदलायचं बटण पैसे वाचवायला काढून टाकलं किंवा ‘लॉक’ केलं, आणि उपाय काय, तर रंग पूर्ण वाढवून ठेवा आणि स्पीकरचं चुंबक काचेवरून फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर प्लग काढून मागचं झाकण उघडा आणि चेहरा उजळ दिसेपर्यंत लाल रंगाचा स्क्रू फिरवा. रामबागेत माझ्या आत्याकडे २१ इंची पिक्चर ट्यूबचा सेट अजून रोज चालतो. तिच्या नातवाचा चुंबकाचा प्रयोग करून झाला होता आणि तो झाकणाला हात घालत होता. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी झाकण, कारण बाकीच्या सल्ल्यांनी फार तर चित्र बिघडेल. एवढ्या ट्यूबच्या ॲनोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन पडद्याकडे ओढणाऱ्या टोकाला, साधारण २५ हजार व्होल्ट लागतात. ट्यूबच्या फुगीर पाठीवर रबरी टोपी दिसते, तिच्याखाली तो दाब असतो. प्लग काढला म्हणून तो लगेच जात नाही; ट्यूबची काच आणि तिच्या आतबाहेरचे लेप मिळून एक कपॅसिटरच, म्हणजे वीज साठवणारा भाग, होतो आणि तो भार धरून ठेवतो. पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर वेगळाच. मुरलेला मेकॅनिकसुद्धा चालू सेटमध्ये एक हात पाठीमागे ठेवून काम करतो, म्हणजे शॉक बसलाच तर करंट छातीतून आरपार जाऊ नये. आणि मेसेज लिहिणाऱ्याने एवढाही विचार केला नाही की रंग बघत बघत स्क्रू फिरवायचा तर सेट चालूच ठेवावा लागणार. मग ‘प्लग काढा’ या सूचनेला अर्थ काय उरला? शाळकरी मुलं हे वाचून पेचकस हातात घेतायत.

शिवाय त्या स्क्रूने होतं काय? ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डावर लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही गनचा, म्हणजे त्या त्या रंगासाठी इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या भागांचा, तोल बसवलेला असतो. एकट्या लाल गनला हात लावला की काळे केस, रात्रीचे प्रसंग, पांढरा सदरा, सगळ्यावर लाली चढते. चेहऱ्यापुरता वेगळा स्क्रू तिथे नसतोच. आणि ‘उजळ’ होईपर्यंत का फिरवायचा? माणूस जसा आहे तसा दिसावा, एवढंच टीव्हीचं काम आहे.

चुंबकाचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. काचेच्या मागे बारीक भोकांची पोलादी जाळी असते. ती चुंबकीय झाली की इलेक्ट्रॉनचे झोत भलत्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतात. आत्याच्या सेटवर डावा कोपरा हिरवट झाला होता. बातम्या देणारी बाई जरा त्या बाजूला कलली की एक गाल हिरवा, दुसरा गुलाबी. यावरचा उपाय सेटमध्येच असतो : ट्यूबभोवती डिगॉसिंग कॉइल, म्हणजे जाळीतलं चुंबकत्व घालवणारं वेटोळं, असते, सेट लावताना ‘धम्म’ असा आवाज येतो तो तिचाच. पण बऱ्याच सेटमध्ये ती मुख्य बटणावरच चालते, रिमोटने बंद-चालू करून नाही. मुख्य बटण बंद करून अर्धा तास थांबायचं आणि मग लावायचं. हलका डाग दोन-चार वेळा केल्यावर जातो. नाही गेला तर मेकॅनिक हातातली कॉइल फिरवून काढतो.

टिंटचा आरोप साफ खोटा आहे. रंगीत प्रक्षेपणाच्या अमेरिकेच्या १९५३ च्या एनटीएससी पद्धतीत कोणता रंग हे सिग्नलच्या फेजवरून, म्हणजे त्याच्या लाटा किती पुढेमागे आहेत यावरून, ठरतं. वाटेत फेज सरकली की चेहरा हिरवा नाहीतर जांभळा, म्हणून तिथे टिंटचं बटण लागायचं. जर्मनीत टेलिफुंकेनच्या वाल्टर ब्रुख यांनी पाल पद्धत काढली. तिच्यात रंगाचा एक घटक एकाआड एक रेषेत उलटा पाठवतात. सेटमधली डिले लाइन एक रेष ६४ मायक्रोसेकंद धरून ठेवते आणि दोन्हींची सरासरी काढते. चूक चुकीला खाते, रंग जरासा फिका पडतो, एवढंच. १९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण आलं ते पालमध्येच. नंतरच्या मल्टी-सिस्टिम सेटच्या मेनूत टिंट असतं, पण ते एनटीएससी सिग्नल आला तरच हलतं. कंपनीने ‘लॉक’ केल्याची अफवा यातूनच उठली असणार.

आता गोऱ्या कातडीचं. यात एक गोष्ट मान्य करावी लागते : फोटोच्या फिल्मबाबत हे खरं होतं. कोडॅकची रंग तपासायची ‘शर्ली कार्डं’ वर्षानुवर्षं गोऱ्या बायकांच्या फोटोंची होती आणि सावळ्या माणसांचे फोटो त्यामुळे खराब यायचे. पण तो दोष टीव्ही सेटच्या माथी कसा मारता? स्टुडिओतल्या व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे चित्रातले रंग मोजून दाखवणाऱ्या यंत्रावर, त्वचेच्या रंगाची एकच रेष असते, लाल आणि पिवळ्याच्या मधली. गोरा, सावळा, काळा, कुणाचाही चेहरा दाखवा, ठिपके जवळपास त्याच रेषेवर पडतात. फरक मुख्यतः उजेडाचा आणि रंगाच्या गडदपणाचा, छटेचा फारच थोडा. ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्कोप लावून पाहावं.

चेहरे लालभडक दिसतात ही तक्रार मात्र खोटी नाही. पांढरा रंग झगझगीत दिसावा म्हणून बरेच सेट ६५०० ऐवजी ९३०० केल्विनच्या (पांढऱ्याची छटा सांगणारं माप; आकडा मोठा तितका पांढरा निळसर) निळसर पांढऱ्यावर बसवलेले असायचे, आणि त्यात चेहरे फिके पडू नयेत म्हणून काहींत लाल रंग जास्त ठेवलेला असायचा. रंग पूर्ण वाढवून ठेवा म्हणणारा सल्ला यात भरच घालतो.

करायचं ते रिमोटनेच होतं. आधी कलर शून्यावर आणा. कृष्णधवल चित्रात ब्राइटनेस-काँट्रास्ट असे लावा की काळ्या केसांतल्या बटा वेगळ्या दिसतील आणि पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या पुसल्या जाणार नाहीत. मग कलर हळूहळू वाढवा. ओठ आणि गाल वेगळे कळायला लागले की थांबा. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत व्हिडिओ पालवर आहे ना, हेही पाहून घ्या. कलर शून्यावर असतानाही करडा रंग गुलाबी किंवा हिरवट-निळा दिसत असेल तर तोल गेलाय किंवा गन थकलीय, आणि ते काम पिक्चर ट्यूबवर हात बसलेल्या मेकॅनिकचं.