बैलगाडीवरचं ‘ॲपल’: त्या फॉरवर्डला उत्तर

बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा फोटो पुन्हा फिरतोय. खाली मजकूर असा: १९८१ मध्ये ‘इस्रो’कडे ट्रकलाही पैसे नव्हते, म्हणून ‘ॲपल’ हा दळणवळण उपग्रह बैलगाडीतून प्रक्षेपणाला नेला, तो होता परदेशी बनावटीचा, आणि वर जाताच बिघडला.

फोटो अस्सल आहे. पण ‘ॲपल’ उडाला १९ जून १९८१ रोजी, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून, युरोपच्या ‘एरियान’ रॉकेटवर. तिथवर बैलगाडी कशी जाणार, हे फॉरवर्ड करणाऱ्यांनीच सांगावं. गाडी आणली होती ॲंटेनाच्या चाचणीसाठी. आजूबाजूला धातू असला की रेडिओलहरी त्यावरून परावर्तित होतात आणि मोजमाप बिघडतं. म्हणजे लोखंडी ट्रक इथे कामाचाच नव्हता. हवं होतं मोकळं मैदान आणि लाकडी बैठक. अशा चाचणीसाठी लागणारी खास सोय तेव्हा हाताशी नव्हती, हे मात्र कबूल करायला हवं. पण सोय नसणं वेगळं आणि ट्रकला पैसे नसणं वेगळं. सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचा जो फोटो याच्या जोडीला लावतात, तो १९६०च्या दशकातल्या थुंब्याचा, म्हणजे केरळमधल्या रॉकेट प्रक्षेपण केंद्रावरचा. तिथे वाहतूक खरोखरच चालली होती. दोन्ही फोटोंची सरमिसळ करू नये.

‘परदेशी’ फक्त रॉकेट होतं. ‘एरियान’ तेव्हा चाचणीच्या टप्प्यात होतं आणि युरोपीय अवकाश संस्थेने त्यावर मोफत जागा दिली होती. उपग्रह आर. एम. वासगम यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरमध्ये, साध्या औद्योगिक शेडमध्ये घडला. त्याला भूस्थिर कक्षेत (जिथून उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) ढकलणारी मोटरही आपल्याच एसएलव्ही-३ या रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून बेतलेली. परदेशात बनला तो भारताच्याच इन्सॅट-१ या दळणवळण मालिकेतला उपग्रह, अमेरिकेतल्या फोर्ड एरोस्पेसकडे. बहुधा घोटाळा इथेच झाला असावा.

बिघाडाची गोष्ट अर्धी खरी. दोन सौर पंखांपैकी एक उघडलाच नाही, त्यामुळे वीज कमी पडली. तरीही १९८३ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सव्वादोन वर्षं, त्यावरून दूरचित्रवाणी, रेडिओ आणि संगणक जोडणीचे प्रयोग चालले. खरोखर लवकर गेला तो इन्सॅट-१ए: एप्रिल १९८२ मध्ये वर गेला आणि सप्टेंबरमध्ये सोडून द्यावा लागला. तो अमेरिकेत बनला होता, पण त्याचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.